रंग मारणार कुठे, ते आधी सांगा

दसऱ्याच्या सकाळी गाडी धुताना मागच्या उजव्या चाकाच्या कमानीवरून फडकं फिरवलं, तर रंगाचा पापुद्रा फडक्याबरोबरच निघून आला. आठ आण्याच्या नाण्याएवढा असेल. खाली पत्रा नव्हताच, तपकिरी भुगा होता. झेंडूचा हार घेऊन बायको मागे उभी होती. म्हणाली, "पूजा करायची की आधी दवाखान्यात न्यायची?"

गाडी म्हणजे आमची २०१० ची अल्टो. पांढरी, एमएच ०४. इंजिन ठणठणीत, पण अंगावर पंधरा वर्षांचं ठाणं : घोडबंदर रोडची धूळ, पारव्यांची विष्ठा आणि सोसायटीच्या गेटला घासल्याच्या तीन खुणा. छपरावरचा रंग हाताला खडूसारखा लागायचा. त्यात नोंदणीची मुदत ७ मार्च २०२५ ला संपत होती. पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची तर गाडी आरटीओत उभी करावी लागते, आणि या अवतारात ती तिथे न्यायची मला लाज वाटत होती.

डेंटिंग-पेंटिंगच्या तीन गॅरेजांत विचारलं. बाहेरून पूर्ण रंगाचे एकाने २८ हजार सांगितले, दुसऱ्याने ३६. तिसऱ्याने २२ सांगितले, पण "कोणता रंग वापरणार?" म्हटल्यावर नुसतंच "चांगलाच वापरतो हो" म्हणाला. गाडी विकायला काढली तर जेमतेम साठ-सत्तर हजार येतील. मी हिशेबनीस माणूस, एका कंपनीत लेजर सांभाळतो. हे गणित काही बसेना. आपणच करून बघू, असं ठरवलं. त्याआधी मी आयुष्यात रंगवलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे बाल्कनीचं ग्रिल.

पहिला धडा रंगछटेचा. लेक म्हणाली, "बाबा, पांढरा काय, मिलिटरी ग्रीन करा ना!" मलाही क्षणभर मोह झाला. नंतर कळलं की केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाकी रंगही मनाला येईल तसा बदलता येत नाही, कारण आरसी बुकात रंगाची नोंद असते. रंग बदलला की आरटीओत ती नोंद बदलून घेणं आलं. मूळचाच रंग पुन्हा दिला तर ही भानगड नाही. आमच्या आरसीवर 'सुपीरिअर व्हाईट' होतं, तेच ठेवायचं ठरलं. नशिबाने हा साधा रंग आहे, मेटॅलिक नाही. मेटॅलिकमध्ये आधी बेसकोट म्हणजे रंगाचा थर, वर क्लियर म्हणजे पारदर्शक चमकीचा थर, आणि हात जरा चुकला की चंदेरी कण कुठे दाट, कुठे विरळ बसतात. नवशिक्याने चंदेरी गाडी हातात घेऊ नये. आणि पांढऱ्यावर पांढराच मारायचा असल्याने झाकायलाही कमी लागतो.

आता कोणता रंग? घराजवळच्या हार्डवेअरवाल्याने सिंथेटिक एनॅमल पुढे केला, म्हणजे दाराखिडक्यांना लावतो तोच ऑइलपेंट. लिटरला तीनशे. मग वागळे इस्टेटमधल्या ऑटो पेंटच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या काकांना म्हटलं, "गाडीला द्यायला स्वस्तातला चांगला रंग कोणता?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "रंग मारणार कुठे, ते आधी सांगा. मग रंग सांगतो."

त्या वेळी हे मला टाळणं वाटलं. पण ते बरोबर विचारत होते. सोसायटीच्या आवारात मारणार असाल तर उडालेला फवारा शेजाऱ्याच्या गाडीवर बसणार. बंद गाळ्यात मारणार असाल तर श्वासाचा प्रश्न. हवेच्या दाबाने फवारा मारायला कॉम्प्रेसर नसेल तर निम्मे पर्याय तिथेच संपले.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. ऑइलपेंट हळू वाळतो, तोवर उडणारं प्रत्येक चिलट त्यावर बसतं, आणि उन्हात तो लवकर फिका पडतो. दुसरा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. याला सगळे 'ड्युको' म्हणतात. ड्युको हे खरं तर ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२० च्या दशकात तो अमेरिकेत आला, तेव्हा गाड्या रंगवायला आठवडे लागायचे ते काम एकदम झटपट झालं, आणि आपल्याकडे मोटारीच्या रंगाला तेच नाव चिकटलं. एनसी नुसतं थिनर उडून वाळतो, काही मिनिटांत. चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो. पण थर पातळ बसतो, चार-पाच हात द्यावे लागतात, चमक पॉलिश करूनच येते आणि पेट्रोल सांडलं की तो मऊ पडतो. तिसरा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, ज्याला टू-के म्हणतात. यात हार्डनर मिसळायचा असतो. हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन तो कडक होतो, स्प्रे गनमधून निघतानाच चमक घेऊन येतो, पेट्रोलला दाद देत नाही. महाग, आणि मिसळलेला उरला तर काही तासांत फेकून द्यायचा.

स्प्रेच्या डब्यांचं मी विचारलं तर काका हसले. चारशे मिलीचा डबा साडेतीनशेला. अख्ख्या गाडीला पंधरा-वीस लागणार. आरशाच्या कव्हरला ठीक आहे म्हणाले.

मी मान डोलावली, घरी आलो आणि एक्सेलमध्ये तक्ता केला. दर लिटरी भाव. त्या एका रकान्यात मी पुढचे दोन आठवडे घालवले, हे कबूल करायला हवं.

यातून सुटका केली माझ्या मावसभावाने. त्याचा वागळे इस्टेटमध्येच फॅब्रिकेशनचा गाळा आहे. तो म्हणाला, "दादा, कागदावर काय घासतोस? पत्र्यावर घास." भंगारवाल्याकडून त्याने अल्टोचाच एक चेपलेला फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, पाचशेला आणून दिला. २७ ऑक्टोबरच्या रविवारी आम्ही तो घासला, प्रायमर मारला, मास्किंग टेपने तीन उभ्या पट्ट्या पाडल्या. डावीकडे ऑइलपेंट, मध्ये एनसी, उजवीकडे पीयू. तिन्हींचे सुटे पाव-पाव लिटर आणि थिनर मिळून सातशे गेले. मग फेंडर सोसायटीच्या गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला. सेक्रेटरींची परवानगी घेतली होती. आवारात गाडी रंगवायचं विचारल्यावर मात्र त्यांनी लेखी नकार दिला, जावक क्रमांकासकट. वाईट वाटलं, पण नकार बरोबरच होता.

मधली पट्टी संध्याकाळी पाच वाजता मारली होती. हवेत दमटपणा होता. एनसीचं थिनर इतकं झटकन उडतं की पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर धरतं. इतर रंगांवर त्याची पांढुरकी झाक दिसते. पांढऱ्यावर ती दिसत नाही, नुसती चमक मरते. सकाळी पट्टी चुना लावल्यासारखी दिसत होती. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे आपल्या ठाण्यात एनसी मारायचा विचार असेल तर सकाळी दहानंतर, कोरड्या हवेतच.

तीन आठवडे रोज सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर जायचो. बायकोला वाटायचं व्यायाम सुरू केला. पारव्यांनी त्यांचं काम चोख केलं. १७ नोव्हेंबरला फेंडर खाली आणला. विष्ठा पुसल्यावर ऑइलपेंटवर पिवळट डाग राहिला, एनसीवर नखाने जाणवेल असा खळगा, पीयूवर ओल्या फडक्याने सगळं निघालं. मग ड्रॉपरने तिन्हींवर पेट्रोलचे चार-चार थेंब टाकले आणि पाच मिनिटांनी फडकं फिरवलं. मधल्या पट्टीचा रंग फडक्यावर आला. डावी पट्टी मऊ पडून तिच्यावर बोटाचा ठसा उमटला. उजवीला काही झालं नाही. आम्ही पेट्रोल भरताना झाकणाखाली दर वेळी थोडं सांडतोच, तेव्हा ही परीक्षा काही उगाच नव्हती.

त्या रात्री तक्ता बदलला. लिटरचा भाव काढून टाकला आणि 'गाडी झाकेपर्यंत' असा रकाना केला. पीयूचे दोन पॅक धरले, म्हणजे प्रत्येकी लिटरभर रंग आणि पाव लिटर हार्डनर, १,४५० ला एक : २,९००. एनसी चार लिटर, सहाशेने २,४००, वर पाच लिटर थिनर नऊशेचं : ३,३००. दर लिटरी निम्म्याहून स्वस्त दिसणारा एनसी चारशेने महाग निघाला! ऑइलपेंट साडेसातशेत होत होता, म्हणजे पीयूपेक्षा दोन हजार वाचत होते. पण पुट्टी, प्रायमर, पेपर, टेप, मास्क हा खर्च कोणताही रंग घेतला तरी तेवढाच. आणि माझे रविवार तेवढेच. दोन हजार वाचवायला दोन महिने घासायचं आणि वर मऊ रंग मारायचा, हे माझ्यातल्या हिशेबनिसालाही पटेना. पीयू ठरला.

आता पीयूची वाईट बाजू, आणि ही वगळून पुढे जाऊ नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे थोडासा वासही सोसत नाही. करोनातला एन-९५ मास्क इथे कामाचा नाही, तो धूळ अडवतो, वाफ नाही. मोठ्या पेंट बूथमध्ये बाहेरून हवा पुरवणारे मास्क असतात. माझ्या ऐपतीत सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसं लावलेला रबरी मास्क आला, १,९०० ला. गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गाळ्याची दोन्ही शटर उघडी, आणि आत माझ्याशिवाय कुणी नाही. माझ्या वडिलांना दमा आहे. मी बाहेर कपडे बदलून, डोक्यावरून पाणी घेऊनच घरी यायचो. घरात कुणाला दमा असेल, किंवा मोकळी जागा नसेल आणि मास्कवर खर्च करायचा नसेल, तर माझं सरळ मत आहे : घासकाम स्वतः करून शेवटचा हात गॅरेजवाल्याला द्या. मी चौकशी केली होती, एका गॅरेजने तयार गाडीला फक्त रंग मारायचे नऊ हजार सांगितले होते.

२४ नोव्हेंबरपासून घासकाम सुरू झालं. गाळा रविवारी बंद असतो, म्हणून आठवड्यातून एकच दिवस. पुढचे चार रविवार मी फक्त घासत होतो. चाकाची कमान ८० नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासली. भोक पडलं होतं तिथे भावाने पत्र्याचा तुकडा वेल्ड करून दिला. वर हार्डनर मिसळून लावायची पुट्टी. ही मिसळल्यावर हातात चार-पाच मिनिटंच असतात. पहिला गोळा मी फोन घ्यायला वळलो तेवढ्यात दगड झाला. लिंबाएवढीच कालवा.

घासण्याआधी एक गोष्ट करा : कापसावर थिनर घेऊन प्रत्येक पत्रा पुसून बघा. कंपनीचा मूळ रंग सुटत नाही. माझ्या डाव्या पुढच्या फेंडरचा सुटला, कापूस पांढरा झाला. २०१४ साली तिथे ठोकर बसली होती, तेव्हा गॅरेजने एनसी मारला असणार. अशा जागी नवा रंग मारला की खालचा फुगून सुरकुततो. तेवढा फेंडर पत्र्यापर्यंत उतरवला, एक रविवार त्यातच गेला.

सपाटी डोळ्यांना कळत नाही. हातावर पातळ सुती फडकं घेऊन डोळे मिटून हात फिरवला की चढउतार बरोबर लागतात. ही युक्ती दुकानातल्या काकांची. दुसरी अशी की प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी पुसट फवारा मारायचा आणि ४०० च्या पाण्याच्या, म्हणजे ओला करून वापरायच्या, पेपरने घासायचं. जिथे काळं उरलं तिथे खड्डा आहे.

या दिवसांत गाडी घरी आणायचो तेव्हा तिच्यावर करड्या, गुलाबी, पांढऱ्या चकत्या असायच्या. पार्किंगमध्ये मुलं तिला 'चित्ती' म्हणायला लागली. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण "झालं का?" विचारायचा. पाचव्या आठवड्यात मी जिन्याने जायला लागलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला २८ हजारवालं गॅरेज फार स्वस्त वाटत होतं.

प्रायमर पूर्ण गाडीला २२ डिसेंबरला मारला. प्रायमर ओल धरतो, त्यामुळे अशी गाडी दवात उभी करायची नाही. तो आठवडा भावाने ती गाळ्याच्या कोपऱ्यात ठेवू दिली. पण फॅब्रिकेशनच्या गाळ्यात आठवडाभर ग्राइंडर चालतो, लोखंडाचा कीस उडतो. तो रंगात अडकला तर महिन्याभरात गंजाचे ठिपके. उपाय गावभर पडलेला होता. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं होतं आणि उमेदवारांचे फ्लेक्स भावाच्या ओळखीच्या मंडपवाल्याकडे ढिगाने पडून होते. आठ फ्लेक्स आणले, चार गाडीभोवती, चार भिंतींना. चेहरे भिंतीकडे करून लावले, नाहीतर गनचा हात थरथरला असता.

शनिवार-रविवार, २८ आणि २९ डिसेंबर. शनिवारी सकाळी लादी धुऊन ओलीच ठेवली, म्हणजे धूळ उडत नाही. जुन्या नंबर प्लेट, दिवे, बंपर काढले. काचांवर वर्तमानपत्रं दोन पदरी. एक पदर लावला तर रंग झिरपतो. दारांची रबरं उचलतात तिथे खाली सुतळी सरकवली, त्यामुळे रबराच्या आतपर्यंत रंग जातो आणि कडेने पोपडा सुटत नाही. आणि बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेल्या चेसिस नंबरवर टेपचे दोन थर. हे भावाने आठवण करून दिलं म्हणून. त्या अक्षरांत रंग भरला असता तर आरटीओत काय उत्तर दिलं असतं?

आदल्या आठवड्यात पेट्रोलच्या टाकीचं झाकण दुकानात नेऊन छटा जुळवून घेतली होती. दारांच्या आतल्या कडा मी रंगवणार नव्हतो. कोडप्रमाणे बनवलेला नवा पांढरा त्या जुन्या पांढऱ्याशेजारी निळसर दिसला असता. काकांनी पिवळ्याचा आणि काळ्याचा अगदी थेंब टाकून जुळवलं.

रविवारी दहा वाजता दव उडालं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावला. चार भाग रंग, एक भाग हार्डनर, थिनर रंगाच्या माहितीपत्रकात दिलं तेवढं, तेही पीयूचंच. एनसीचं थिनर उरलंय म्हणून त्यात घालू नका, चमक जाते. आधी छप्पर, मग बॉनेट, मग बाजू. वीतभर अंतर, हात आधी हलवायचा आणि मग ट्रिगर दाबायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. पहिला हात धुक्यासारखा पातळ. पंधरा मिनिटं थांबलो. दुसरा हात ओला, आणि तो बसताना समोरच्या ओलसर पांढऱ्यात गाळ्याची ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसली. मास्कच्या आत मी एकटाच हसत होतो.

डाव्या मागच्या दाराशी आलो आणि हसू गेलं. रंग दारावर पडताच जागोजाग मागे सरकू लागला, मुगाच्या दाण्याएवढे गोल खड्डे, आत प्रायमर उघडा. याला माशाचे डोळे म्हणतात. कारण सिलिकॉन. आठवड्यापूर्वी मी स्वतःच, उत्साहाने, दाराची आतली रबरं स्प्रे पॉलिशने चमकवली होती आणि त्याच फडक्याने बाहेरचा डाग पुसला होता. पुसायच्या सॉल्व्हंटचा हात मी तिथे घाईत दिला असणार. रंगाचं काम संपेपर्यंत डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश घराबाहेर काढू नका. ते दार तसंच वाळू दिलं, ५ जानेवारीला घासून, तीन वेळा पुसून पुन्हा मारलं. त्यासाठी तिसरा पॅक फोडावा लागला, १,४५० ची फोडणी.

उजव्या फेंडरवर दोन ओघळही आले. त्यांना ओलं असताना हात लावला नाही, हे शहाणपण. मी सगळी गाडी तीन आठवडे वाळू दिली, दारही त्यात नीट कडक झालं. १९ जानेवारीला ओघळ १००० च्या पेपरने बसवले, बाकी जिथे संत्र्याच्या सालीसारखा पोत आला होता तिथे १५०० आणि २००० चा पाण्याचा पेपर, आणि २६ तारखेला भाड्याच्या मशीनने कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट. कडांना मशीन टेकवू नका, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यात माझा प्रायमर आता बोटभर दिसतो. कुणाला सांगितल्याशिवाय दिसत नाही, पण मला रोज दिसतो.

खर्च म्हणाल तर फेंडर आणि नमुने धरून १३,४४०. त्यात रंग-हार्डनरचे ४,३५०, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. बाकीत मास्क १,९००, थिनर १,२००, गन १,१००, कॉम्प्रेसर भावाचा म्हणून फुकट. भाड्याने घ्याल तर वाढवा. वडापाव हिशेबात धरलेले नाहीत.

फेब्रुवारीत कागदपत्रं. एचएसआरपी, म्हणजे सक्तीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, मी मुद्दाम रंगानंतर बसवली. तिचं लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे आधी बसवली असती तर तिच्याभोवती टेप लावत बसलो असतो. चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. ऑनलाइन तारीख घ्यायची आणि दिलेल्या केंद्रावर जायचं. नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत भरता येतो. शुल्क ५,०००, पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० दंड, तेव्हा रंग वाळायची वाट बघत तारीख घालवू नका. विमा, पीयूसी, आरसी, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप, सगळ्याच्या दोन-दोन प्रती.

१८ फेब्रुवारीला तपासणी होती. साडेनऊला रांगेत लागलो, नंबर आला एक वाजता. मी गाडी सकाळी पुन्हा पुसली होती, उन्हात ती झळकत होती. निरीक्षकांनी दिवे, वायपर, हॉर्न बघितले. बॉनेट उघडायला लावलं, वाकून चेसिस नंबर वाचला, बोटाने चाचपला, कागदाशी ताडला. आरसीवरचा रंग वाचून मान वर केली, गाडीकडे एकदा पाहिलं आणि "पांढरी. ठीक" म्हणून पुढच्या गाडीकडे गेले. रंगाबद्दल एवढेच दोन शब्द. नवं कार्ड काही आठवड्यांनी पोस्टाने आलं.

हे लिहितोय तोवर एक पावसाळा होऊन गेला. गाडीला अजून काही झालेलं नाही. चाकाच्या कमानीशी दर महिन्याला वाकून बघतो. तो नमुन्याचा फेंडर मी परत गच्चीतच नेऊन ठेवलाय. डावी पट्टी खडूसारखी हाताला लागते, मधलीवर केसासारख्या बारीक भेगा आल्यात, उजवी पट्टी पाण्याने धुतली की चमकते. त्यावर पारवे बसतात. परवा सेक्रेटरींचं पत्र आलं, जावक क्रमांकासकट : गच्चीतील भंगार आठ दिवसांत हटवावे. आज सहावा दिवस आहे.